चार हात रुंद पलंग

गेल्या वर्षी नातवाने पुण्यात घर घेतलं आणि ते आतून सजवायला एक मुलगी बोलावली. हातात वही, डोळ्यांवर मोठा चष्मा. भिंती बघायच्या सोडून ती माणसांनाच प्रश्न विचारत सुटली. कुणाला कोणता रंग पाहिला की बरं वाटतं, कुणाला एकटं बसायला आवडतं, कुणाला चारचौघांत. मला म्हणाली, "आजोबा, सकाळी उठल्याबरोबर तुम्ही आधी कुठे बसता?" मी म्हटलं, "बाई, ते लिहून घेण्यासारखं नाही."

नातसून लाजली, नातू खोकला. पण मुलगी चिकाटीची. म्हणाली, घर म्हणजे माणसाच्या मनाचा आरसा असतो आणि वय बदलतं तसं घर आतून बदलावं लागतं. चाळीस वर्षं लाकडावर वाकस आणि रंधा चालवून मी जे शिकलो ते ही पोर दोन वर्षांत कॉलेजातून शिकून आली होती, तेही बाकावर बसून. तिला एवढंच सांगायचं राहून गेलं की या विद्येचा माणसाला फार लवकर माज चढतो. मला चढला होता, आणि त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाची दोन वर्षं मी खराब केली. ती हकीकत सांगण्यासाठीच हा कागद काळा करतोय.

आमचं गाव शिरड शहापूरच्या शिवेला लागून. राज्य निजामाचं आणि सुताराचा धंदा बलुत्याचा. म्हणजे नांगर, वखर, तिफण, गाडीचं चाक ही शेतकऱ्याची कामं वर्षभर करायची आणि खळ्यावर ज्वारी घ्यायची. घराच्या आतलं काम बलुत्यात बसत नसे. दार, फडताळ, पाळणा, खुंट्या यांसाठी वेगळं बोलावणं यायचं आणि दुपारची भाकरी त्याच घरी असायची. नांगर करताना मालकाशी गाठ पडते, फडताळ करताना मालकिणीशी. त्यामुळे कोणत्या घरात काय शिजतंय हे मला न्हाव्याच्याही आधी कळायचं. न्हावी त्यासाठी माझ्यावर जन्मभर डूख धरून होता.

आमच्याकडची घरं माळवदाची, वर मातीचं सपाट छप्पर. रस्त्यावरून दारात शिरलं की पहिली ढेळज. ती पुरुषांची. बसणं, तंबाखू, भांडणं आणि झोपणं सगळं तिथंच. मग अंगण, ओसरी, आणि त्याच्या आत माजघर. तिथे ज्वारीच्या कणग्या, देव, बायका आणि लेकरं. माजघराला खिडकी नाही, उजेड येणार तो छपराच्या भोकातून, आणि दार इतकं बुटकं की आत जाणाऱ्याने वाकलंच पाहिजे.

अशा घरात माणूस कुठे निजतो यावरून त्याचं वय सांगता येई. मुलगा जन्मायचा माजघरात. आधी आईच्या कुशीत निजायचा, मग आजीच्या. सात-आठ वर्षांचा झाला की ओसरीवर, मिसरूड फुटलं की ढेळजेत. एकदा ढेळजेत गेला की तिथून त्याला चौघांनीच उचलायचं. बाईचं उलटं. ती उंबरा ओलांडून एकदम आत जायची आणि सासू झाली की हळूहळू ओसरीपर्यंत बाहेर यायची. मग नवरा-बायकोची गाठ कशी पडायची? हा विषय सगळं गाव मिळून न बघितल्यासारखं करायचं. दर दोन वर्षांनी पाळण्याचं काम यायचं, त्यावरून पडत असावी.

मी नवशिका असताना एकदा नुकतंच लग्न झालेला एक पोरगा हळूच माझ्याकडे आला. "दादा, माजघराचं दार लई वाजून राहिलं. जरा तेल घाला की." मी जाऊन तेल घातलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. "गंगाराम, दाराला तेल काहून घातलं? वाजू दे त्याला. मांजर शिरते आत." मावशी, मांजर दोन पायांची आहे, असं अगदी ओठावर आलं होतं. पण त्या दिवशीची भाकरी तिच्याच हातची होती. मी दोघांचंही मन राखलं. दार अर्धं उघडेपर्यंत वाजायचं नाही, पुरतं उघडलं की वाजायचं. पोरगा अंगाने किडकिडीत होता, त्याला अर्धं पुरत असे.

फडताळाचंही असंच. पहिली सून घरात आली की सासू फडताळाला कडी लावून मागते. दुसरी सून आली की कुलूप. तिसरी येईपर्यंत किल्ली कोणत्या तरी सुनेच्या कमरेला गेलेली असते आणि सासू मला विचारते, "गंगाराम, ही कडी काढून टाकायची म्हणलं तर निघंल काय?" आणि म्हातारे पुरुष तर पागोट्याची खुंटी खाली घ्यायला सांगायचे. हात वर जात नाही हे उघड दिसायचं, पण विचारलं तर म्हणायचे, "माझ्या खांद्याला काय झालं? भिंत खचली."

अशी दहा-बारा वर्षं गेल्यावर मला वाटू लागलं की आपण माप बघून माणूस सांगतो. वाटू लागलं, इथवर ठीक. मी तसं बोलू लागलो. आणि अशा वेळी आबा माझ्याकडे आले.

आबा म्हणजे गावातले मोठे शेतकरी. वय साठीच्या पुढे, मिशा भरघोस, आवाज असा की वेशीत बोलले तर मारुतीच्या देवळात ऐकू जाई. कुणाला भीत नसत. त्यांच्या बायकोला, काशीकाकूला, जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध उरकून पंधरा दिवसही झाले नसतील. एरवी आबांचा निरोप यायचा, त्या दिवशी ते स्वतः माझ्या लिंबाखाली येऊन उभे राहिले. माझा कारखाना म्हणजे तो लिंबच.

"पलंग पाहिजे," म्हणाले.

"आबा, बाज करून देतो की. सुतळी चांगली आलीया."

"पलंग म्हणलं म्या. सागवानी. चार हात रुंद."

नेहमीचा पलंग दोन हात रुंद असतो.

"पाय नेहमीपरीस वीतभर बुटके ठेव. एका अंगाला कठडा कर. आन समदा सुटा होऊ दे, माजघराच्या दारातून आत न्यायचा हाय." जाता जाता मागे वळून म्हणाले, "कोणाला सांगू नको."

हे म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगण्यासारखं झालं. पण तेवढ्यावर भागलं असतं. मी डोकं चालवलं. चार हात रुंद, म्हणजे माणसं दोन. पाय बुटके, म्हणजे नवरी ठेंगणी किंवा वयाने लहान. कठडा, म्हणजे झोपेत पडण्याचं वय अजून सरलेलं नाही. सुटा, म्हणजे गाजावाजा न करता आत न्यायचा. आणि न्यायचा कुठे, तर माजघरात, बायकांच्या जागी. आबा दुसरं लग्न करणार, यात मला तिळभर शंका राहिली नाही. साठीतले घोडनवरे त्या काळी काही कमी नव्हते.

चार दिवसांनी आबांचा थोरला मुलगा दत्तराव बैलाचं जू घेऊन आला. जू धडधाकट होतं. त्याने इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "गंगाराम, आबांनी काय काम सांगितलं काय?"

मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "मी काय सांगणार दत्तराव, ह्या फळ्याच बोलून राहिल्यात." आणि मग फळ्यांचं बोलणं त्याला सविस्तर समजावून सांगितलं.

त्याने जू खाली ठेवलं. "चार हात?"

"मोजून चार."

दुपारी धाकटा, बळीराम, आला. त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्याने स्वतःच्या हाताने फळ्या मोजल्या. त्याचा हात आखूड, त्यामुळे पलंग साडेचार हातांच्या वर भरला आणि तो थोरल्यापेक्षाही जास्त घाबरला. नवी आई येणार, तिला लेकरं होणार, जमिनीला आणखी वाटेकरी येणार. दोघा भावांचं आजवर कधी एकमत झालं नव्हतं, ते तेव्हा झालं. आठवड्याच्या आत माजघरातल्या मोकळ्या कोपऱ्यात, जिथे काशीकाकू निजायची, तिथे त्यांनी दोन मोठ्या कणग्या आणून ठेवल्या आणि ज्वारीने काठोकाठ भरल्या. आबांना म्हणाले, धान्याला जागा पुरत नव्हती. आबांनी कणग्यांकडे बघितलं आणि ते ढेळजेत जाऊन बसले.

पलंग तयार झाला. गाडीत घालून मी घेऊन गेलो तर दत्तराव ढेळजेतच उभा. "आत जागा न्हाई. हितंच जोड." मी आबांकडे बघितलं. ते म्हणाले, "जोड." गावातली पाच-सहा रिकामटेकडी माणसं जमली होती. त्यांच्यातला एक म्हणाला, "आबा, लाडू कवा?" आबांनी मिशीवर हात फिरवला आणि मोठ्याने हसले. "वेळ आली की सांगतो की."

अर्धी ढेळज पलंगाने व्यापली. लोक पांगल्यावर मी आबांना खूश करायला म्हणालो, "काळजी करू नका आबा. नवी काकू येऊ द्या, कणग्या आपोआप हलतील."

आबा माझ्याकडे वळले. "लगीन हाय म्हणून तुला कोणी सांगितलं रे?"

"कोणी न्हाई. मापावरून वळखलं."

"मापावरून," ते म्हणाले. त्यांनी कठड्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज एरवीचा नव्हता, मला जवळ सरकावं लागलं. "तुझी काकू चार नातवंडं घेऊन निजायची. एक इकडं, दोन तिकडं, आन धाकटी पोटावर. ती गेली तवापासून लेकरं रात्रीची रडून राहिली. मला हितं ऐकू येतं. मलाबी झोप न्हाई. म्हणलं, तिच्या जागी आपण निजावं. पण भुईवर बसलो तर मला उठता येत न्हाई, म्हणून पलंग. लेकरायला चढता यावं म्हणून पाय बुटके. कठडा धाकटीसाठी."

मी म्हणालो, "मंग तसं सांगायचं की आबा पोरायला."

"काय सांगू? म्हातारा बायकांत निजायला निघाला म्हणून? बायकोबिगर झोप येत न्हाई म्हणून?" त्यांनी तंबाखूची चंची काढली. "गाव लगीन म्हणतंय ते म्हणू दे. त्यात निदान मरदपणा तरी हाय."

"मी सांगतो दत्तरावाला."

"सांगून बघ. खळ्यावर पाय ठेवू देणार न्हाई."

मी सांगितलं नाही. ज्वारीसाठी गप्प बसलो असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होतो. खरं कारण वेगळं होतं. माप बघून माणूस सांगणाऱ्या गंगारामचं माप चुकलं, हे मला गावाला कळू द्यायचं नव्हतं. त्याची लाज मला आजही वाटते.

दोन हिवाळे आबा त्या पलंगावर एका कडेला निजले. उरलेल्या तीन हातांवर त्यांचं पागोटं, काठी, घोंगडी आणि दुपारच्या वेळी गावातलं एक पिवळं कुत्रं. लग्न काही झालं नाही. गावाची निराशा झाली. पण पोरांनी कणग्या हलवल्या नाहीत, म्हाताऱ्याचा काय भरवसा म्हणून. लेकरं दिवसभर पलंगावर उड्या मारायची, कठड्याला लोंबकळायची. दिवेलागण झाली की आया त्यांना हाका मारून आत न्यायच्या आणि आबा घोंगडी ओढून भिंतीकडे तोंड करायचे. मी त्या रस्त्याने जाणं टाळू लागलो.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य राहतं की जातं याची धामधूम सुरू झाली. रोज नवी अफवा. कुणी बायकालेकरं घेऊन सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात निघून गेले, कुणी कुऱ्हाडींना धार लावून बसले. रस्त्यालगतच्या ढेळजेत निजायची आता कुणाची छाती होईना. घरोघरचे मिशीवाले गडी अंथरुणं काखोटीला मारून माजघरात शिरले आणि दार आतून लावून बायकांच्या ओळीत निजू लागले. मी त्या पावसाळ्यात दारांना आतून लावायचे एवढे अडसर केले की माझ्या अंगणातली बाभूळ संपली.

दत्तरावानेही अडसर बसवायला बोलावलं. मी माजघराच्या दाराचं माप घेत होतो. आत काशीकाकूच्या कोपऱ्यात त्या दोन कणग्या तशाच उभ्या. मला एकदम सुचलं.

"दत्तराव, अडसर बसवतो. पण आबांचं काय? त्यांला भुईवरून उठता येत न्हाई. वेळ आली तर पळणार कसे? पलंग आत घ्यावा लागंल."

"जागा कुठं हाय?"

"ह्या कणग्या दाराच्या दोन्ही बाजूला घ्या. ज्वारीनं भरलेली कणगी गोळीला ऐकत न्हाई."

गोळी आणि कणगी यांची गाठ मी जन्मात बघितली नव्हती. दत्तराव डोकं खाजवत राहिला. तेवढ्यात आतून त्याच्या बायकोचा, राधावैनीचा, आवाज आला. "बराबर सांगून राहिले ते. मामंजीला एकट्याला बाहीर काहून ठेवायचं?" राधावैनी एरवी मोजकंच बोलायची. ती बोलली की दत्तराव वाद घालत नसे.

दोघा भावांनी घमेली भरभरून ज्वारी उपसली, कणग्या हलवल्या, पुन्हा भरल्या. शिव्या मला ऐकू येतील अशा बेताने दिल्या. मी पलंग सुटा केला, एकेक भाग त्या बुटक्या दारातून वाकून आत नेला आणि काकूच्या कोपऱ्यात जोडला. कठडा बाहेरच्या अंगाला आणला. आबा दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं काही तरी बोलतील. ते एवढंच म्हणाले, "कठडा पक्का हाय ना?"

त्या दोन महिन्यांत आमच्या भागात कुणी धड झोपलं नाही. पान हललं तरी लोक उठून बसत. दत्तरावही झोपला नाही, पण त्याचं कारण वेगळं. "आबा घोरून राहिले गंगाराम," तो डोळे चोळत मला सांगायचा. "चारी लेकरं अंगावर घेऊन असे घोरतात की बाहीर पलटण आली तरी कळायची न्हाई."

भादव्यात दिल्लीची फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. निजामाचं राज्य गेलं. गावात हलगी वाजली, गूळ वाटला, झेंडा लागला. पुरुषमंडळी अंथरुणं घेऊन लगबगीने ढेळजेत परतली आणि आपण कधी आत निजत होतो हे विसरून गेली. दत्तरावाने मला निरोप धाडला, अडसर काढ आणि पलंग बाहेर घे.

मी सांधे ठोकून सोडवायची लाकडी मोगरी घेऊन गेलो. बाहेर मिरवणूक चाललेली, आणि आबा माजघरात पलंगावर बसलेले. धाकटी नात मांडीवर, बाकीची तिघं मागे.

दत्तराव म्हणाला, "आबा, राज्य गेलं. आता कशाची भीती न्हाई. पलंग बाहीर घेतो."

"गेलं म्हणतात," आबा म्हणाले. "गेल्यालं कोणी बघितलं?"

"अवो, समदं गाव नाचून राहिलं."

"नाचू दे. माझा आजून भरवसा न्हाई."

ज्या माणसाने आयुष्यात कधी वाघाला वाट दिली नसती, तो नातीच्या डोक्यावरून हात फिरवत मान खाली घालून हे बोलला. दत्तरावाने माझ्याकडे बघितलं. मी मोगरीकडे बघितलं. या खेपेला मी तोंड उघडणार नव्हतो.

राधावैनी चुलीपाशी होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, कुणाकडेही न बघता ती म्हणाली, "मामंजी म्हणतात ते खरं हाय. आजून लई दिवस संभाळून ऱ्हावं लागंल."

दत्तरावाची नजर पलंगावरून कठड्यावर गेली, कठड्यावरून पोरीवर. मग तो मिरवणुकीत निघून गेला आणि मी मोगरी उचलून घरी आलो.

आबा पुढे सहा वर्षं जगले. गावात शाळा आली, निवडणूक झाली, आबांनी स्वतः जाऊन मत टाकलं. पण निजाम परत येणार नाही, हे काही त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.